शेवऱ्याचे नऊ हजार एक

आमच्या गावच्या वाचनालयात दोन दैनिकं येतात. वाचनालय ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारच्या हिशोबात सगळ्यात खालचं. एक लोखंडी कपाट, चार बाकडी आणि एक पंखा, तोही लाईट असली तर. सकाळी रानात चक्कर मारून आलो की मी तिथं जाऊन बसतो. लोक आधी बाजारभावाचं पान उघडतात. हरभरा काय, सोयाबीन काय. मीही उघडतो, पोट त्याच्यावरच आहे. पण मला दुसरी एक खोड लागली आहे. आतल्या पानावर कोपऱ्यात कधीमधी एक छोटी चौकट असते. ‘निबंध स्पर्धा. विषय अमुक. शब्दमर्यादा तमुक. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.’ ती दिसली की मी पाठीमागच्या कॅलेंडरच्या पानावर पत्ता उतरून घेतो.

“आबा, निबंध तर शाळेतली लेकरं लिव्हत्यात,” असं पोरं म्हणतात. म्हणू देत.

मी १९७६ साली दहावी झालो. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचा बोर्ड आला, त्याला तेव्हा एकच वर्ष झालं होतं. मराठीत मार्क बरे होते. पुढं शिकायचं म्हटल्यावर वडलांनी नांगराकडं बोट दाखवलं. त्यात त्यांची चूक नव्हती. सहा एकर कोरडवाहू आणि खाणारी नऊ तोंडं. त्यानंतर तीसएक वर्षं मी लिहिलं ते सोसायटीच्या कर्जाचे अर्ज, सोयरिकीच्या याद्या आणि गड्यांचा हिशोब. वाचत मात्र होतो. बोराडे सरांची ‘पाचोळा’ हातात पडली तेव्हा मी रात्रभर जागलो. आपल्या लातूरकडची माणसं जशी बोलतात तसं पुस्तकात छापतात, हे मला माहीतच नव्हतं. आणि ती सगळी हकिगत शिंप्याची बायको सांगते, शिंपी नाही. हे तेव्हा नुसतं वाचलं. त्याचा अर्थ लागायला पुढं लई वर्षं गेली.

पहिला निबंध धाडला २००९ साली. विषय ‘माझा गाव’. शब्दमर्यादा आठशे. आता आठशे शब्द म्हणजे किती, हे मला काय ठावं? मी आठ दिवस बसून तेवीस पानं लिहिली, कागद वाया जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी. पोस्टमास्तरांनी वजन केलं आणि म्हणाले, “आबा, जमिनीची कागदपत्रं हायत का?” दोन महिने मी पोस्टमनची वाट बघितली. काहीच आलं नाही. पुढं एका शिक्षकानं नियम समजावून सांगितले, की कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, डावीकडं समास सोडायचा, निबंधावर नाव घालायचं नाही, नाव वेगळ्या कागदावर. परत पाहिजे असेल तर तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं. आणि एक झेरॉक्स घरी ठेवायची. ती तेवीस पानं माझ्याकडं आज नाहीत, हे दुःख अजून आहे. त्यात आमच्या जुन्या वेशीचं वर्णन होतं. वेसही आता नाही.

मग धाकट्यानं शब्द मोजायची रीत दाखवली. एका ओळीतले मोजायचे, पानाच्या ओळींनी गुणायचे. पेरणीला बियाणं काढतो तसंच. आठशे शब्द म्हणजे माझ्या अक्षरात सात पानं. सात पानांत गाव बसवायचं म्हणजे निम्मं गाव सोडून द्यावं लागतं, हे त्या हिशोबानं शिकवलं.

स्पर्धाही नाना तऱ्हेच्या. काही सरळ असतात. काहींत दोनशे-तीनशे प्रवेशमूल्य घेतात आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला ‘उत्तेजनार्थ’ प्रमाणपत्र देतात. अशी तीन प्रमाणपत्रं माझ्याकडं आहेत. एकावर माझं आडनाव चुकलेलं आहे, ते दुरुस्त करून घ्यायला परत शंभर मागितले. तेव्हापासून मी पैसे मागणाऱ्या स्पर्धेला लांबून रामराम करतो. पुढंपुढं मला बक्षिसाचे निबंध ओळखायला यायला लागले. छापून आले की कापून ठेवायचो आणि ढोर जसं दात बघून घेतात तसं निरखायचो. त्यात मला एक गोष्ट दिसली. शेतकऱ्याचा निबंध असला की शेवटी कुणीतरी मरतं. बाप मरतो, बैल मरतो, नाही तर विहिरीचं पाणी तरी मरतं. मी मनात म्हटलं, हे बियाणं उगवतंय.

२०१७ साली जाहिरात आली. विषय ‘माझा जिवाभावाचा सोबती’, हजार शब्द. मला दुसरं काही सुचणारच नव्हतं. मी शेवऱ्यावर लिहिलं.

शेवऱ्या आमचा देवणी बैल. देवणीत तीन रंग मानतात, वानेरा, बालंक्या आणि शेवरा. पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके तो शेवरा. २००३ साली हाळीच्या बाजारातून मी त्याला गोऱ्हा असताना आणला होता. तेरा वर्षं आमच्या दावणीला होता. निबंधात मी त्याचं वखराला चालणं लिहिलं, तास संपला की न सांगता वळणं लिहिलं, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी करताना डोळे मिटून उभा राहायचा ते लिहिलं. हे सगळं खरं होतं. सहा पानं खरी होती. आणि सातव्या पानावर मी त्याला मारून टाकलं. दुष्काळात, भर रात्री, गोठ्यात, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. डोळ्यांतून दोन थेंब गळाले वगैरे.

पहिला नंबर आला. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि पाकिटात दोन हजार एक. तालुक्याच्या ठिकाणी कार्यक्रम होता. मी कारभारणीला हट्टानं नेलं. लुगडं नेसून ती पुढच्या रांगेत बसली होती. निवेदक म्हणाले, आबांनी शेवटचा परिच्छेद वाचून दाखवावा. मी वाचला. बाया पदर डोळ्याला लावत होत्या. माझाही आवाज भरून आला, आणि ते नाटक नव्हतं. एवढ्या लोकांसमोर तो खरंच मेल्यासारखं मला वाटलं.

परतीच्या यस्टीत ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर मी पाकीट देवापुढं ठेवलं. तिनं चूल पेटवली, भाकरी थापत थापत म्हणाली,

“मेला म्हणून लिव्हलंय तुम्ही.”

मी गप्प.

“तवा सात हजार आलते. आज दोन हजार एक. नऊ हजार एक झाले शेवऱ्याचे.”

बस, एवढंच. ती शाल तिनं ट्रंकेत टाकली, ती अजून तिथंच आहे. सन्मानचिन्ह मी कोनाड्यात ठेवलं होतं, तेही दोन-चार दिवसांनी उचलून धान्याच्या खोलीत नेलं. बक्षिसाचा निबंध पेपरात छापून आला. गावात ज्यांना खरं ठाऊक होतं, ते काही बोलले नाहीत. गावात दुष्काळाच्या वर्षी कुणी काय विकलं हे कुणी कुणाला विचारत नाही. सगळ्यांचीच दावण मोकळी झालेली असते. पण त्यानंतर माझ्या हाताला लिहिणं जमेना. चौकट दिसायची, पत्ता उतरून घ्यायचो, आणि कागद तसाच राहायचा. असं पाच वर्षं चाललं.

२०२२ च्या एप्रिलमध्ये आमच्या उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, पंच्याण्णवावं. भारत सासणे अध्यक्ष होते. संमेलन दारात आलं म्हटल्यावर मी तिन्ही दिवस गेलो. ऊन असं की मंडपाचं कापडसुद्धा तापलेलं. मोठ्या मंडपात मोठी भाषणं चालली होती, पण मी जास्त वेळ पुस्तकांच्या गाळ्यांत आणि कविकट्ट्यावर काढला. कविकट्ट्यावर आपला नंबर कधी येतो म्हणून वही छातीशी धरून बसलेली माणसं बघून मला बरं वाटलं. आपल्यासारखे लई जण आहेत. तिथंच शेजारी बसलेल्या एका निवृत्त ग्रामसेवकानं सांगितलं की नांदेडला लेखन कार्यशाळा भरते, दोन दिवसांची, राहून-खाऊन पाचशे रुपये. “आबा, स्पर्धेत नुसता निकाल कळतो. तिथं का ते कळतं,” तो म्हणाला.

पुढच्या जानेवारीत गेलो. तूर काढून झाली होती. एका कॉलेजच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकलेल्या, तीसेक माणसं, त्यात निम्मे मास्तर. आधी ओळख करून द्यायची होती. कुणी म्हणालं माझी चार पुस्तकं आहेत, कुणी म्हणालं माझे तीन काव्यसंग्रह प्रकाशनाच्या वाटेवर आहेत. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला सहा एकर आहे. सगळे हसले. मग माझी भीती मोडली.

पहिला दिवस मला फारसा समजला नाही. एका सरांनी फळ्यावर खुणा काढून निवेदक, दृष्टिकोन असं काहीबाही सांगितलं. मी वहीत उतरून घेतलं, पण ते आजही वहीतच आहे. जेवणात मात्र वरण चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी एक वयस्क लेखिका होत्या. त्यांनी फळ्याला हात लावला नाही. प्रत्येकानं आपलं एक लिखाण घेऊन यायचं असं आधीच कळवलेलं होतं. मी दुसरं कुठलं नेणार? बक्षिसाचं नेलं. त्यांनी ते सगळ्यांसमोर वाचायला लावलं. वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या. बाई टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या,

“आबा, बैल मेला तेव्हा कुठल्या कुशीवर होता?”

मला उत्तर देता आलं नाही.

ज्याच्या घरी ढोर बसलंय त्याला हा प्रश्न साधा आहे. बसलेलं जनावर एकाच कुशीवर पडून राहिलं तर त्या बाजूचं अंग सोलतं, म्हणून घरातल्यांनी दर दोन-तीन तासांनी त्याला उलथवावं लागतं. चार माणसं लागतात. खाली भुसा नाही तर पाचट टाकायचं. शेवऱ्याचा जोडीदार वानेऱ्या २०११ साली असाच सहा दिवस बसून गेला होता. तो उजव्या कुशीवर होता. उजव्या मांडीला हाताएवढी जखम झाली होती आणि आम्ही तिला हळद भरत होतो. हे सगळं मला मुखपाठ होतं, आणि निबंधात त्यातलं एक अक्षर नव्हतं. त्यात होते दोन थेंब.

“तुमचं वखर दिसतंय, खांदमळणी दिसतीय,” बाई म्हणाल्या. “मरण दिसत नाही. का बरं?”

मी खाली बघून म्हटलं, “मेला नाही. विकला.”

हॉलमध्ये कुणी हललं नाही. बाईंनीही मला काही टोचून बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाल्या की जेवणाच्या आधी अर्धा तास आहे, विकल्याचं लिहा. आणि बाकीच्यांनाही म्हणाल्या, तुमच्या लिखाणात जिथं तुम्हीच टाळून पुढं गेलात, तिथं परत जा. मला वाटतं त्या दिवशी तीसच्या तीस माणसं कुठंतरी परत गेली. एक शिक्षिका तर लिहिता लिहिता उठून बाहेर गेली, ती चहापर्यंत आली नाही.

मी लिहिलं ते असं.

२०१६ चा उन्हाळा. एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, म्हणजे आमच्या खेड्यातली गत काय असेल ते समजा. बोअर आटला. कडब्याची पेंढी पंचवीस-तीस रुपयांवर गेली. धाकटा लातूरला पॉलिटेक्निकला, त्याची फी थकली. शेवऱ्या म्हातारा झाला होता, दात झिजलेले, कडबा चावता येत नव्हता. आदल्या वर्षी राज्यात बैलाच्याही कत्तलीला बंदीचा कायदा आला, तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाला बाजारात कुणी हुंगत नव्हतं. मी त्याला हाळीच्या बाजाराला नेलं. जिथून आणला तिथंच. दुपारपर्यंत कुणी विचारलं नाही. मग एक हेडी आला. दात बघितले नाहीत, चालवून बघितला नाही, खूर बघितले नाहीत. रुमालाखाली माझी बोटं धरली आणि सात म्हणाला. शेतीला नेतो म्हणाला.

शेतीसाठी बैल घेणारा दात बघत नाही, असं मी आजवर पाहिलेलं नाही. पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, राहू द्या. आणि मग शेवऱ्याला घेऊन मला आठ कोस परत यावं लागलं असतं.

पावती झाली. आमच्यात बैल विकला तरी दावं देत नाहीत. मी गळ्यातलं दावं सोडून घेतलं, त्यानं आपली दोरी घातली. शेवऱ्यानं मागं वळून बघितलं नाही. बाजारात टँकरनं भरलेला हौद होता, त्यात तोंड घालून तो पाणी पीत राहिला. महिनाभरात त्याला एवढं पाणी मी पाजलं नव्हतं. तो पीत होता, तेवढ्यात मी निघालो.

अर्ध्या तासात एवढंच झालं, दीड पान. बाईंनी वाचलं, पानावर एकही खूण केली नाही. फक्त विचारलं, “दावं कुठं आहे?” मी म्हटलं, गोठ्यात खुंटीला. “मग घरी जाऊन पुरं करा. आणि आधी घरात वाचून दाखवा.”

घरात वाचायचं हेच अवघड होतं. नांदेडहून आल्यावर मी पंधरा दिवस ते दीड पान खालीवर करत होतो. त्याची पाच पानं झाली. एका रात्री, धाकटा नव्हता, सूनबाई माहेरी गेलेली, तेव्हा मी म्हटलं, जरा ऐक. ती शेंगा फोडत बसली होती. मी वाचत गेलो, ती फोडत गेली. हौदापाशी आलो तेव्हा तिचा हात थांबला. संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

“ह्यात मी कुठं हाय?”

“तू कशाला? इकला म्या.”

“इका म्हणून म्या म्हणलं व्हतं. तीन रोज तुमी न्हाई न्हाई म्हणत व्हता. पोराची फी म्या काढली. सकाळी भाकरी-गूळ म्या चारला. त्ये कामून न्हाई?”

मी तिला मुद्दामच वगळलं होतं. म्हटलं पाप आपल्या एकट्याच्या नावावर राहू द्यावं. मला वाटलं होतं हा तिच्यावर उपकार आहे. ती उठून कंदिलाच्या उजेडात आली, लाईट नव्हती, आणि कागदावर बोट ठेवून म्हणाली, हितं लिव्हा. तिला वाचता येत नाही. बोट कुठल्या ओळीवर आहे हे तिला ठाऊक नव्हतं. पण ती ओळ बरोबर घरून निघायच्या वेळची होती.

मी लिहिलं. तिचे तीन दिवसही लिहिले. मग मला वाटलं आता एवढं झालंच आहे तर उरलंसुरलंही राहू नये.

“सात न्हाई आले,” मी म्हटलं. “दोनशे दलालानं घेतले. तू म्हणशील मातीमोल इकला, म्हणून खिशातले दोनशे घालून म्या सात पुरे केले व्हते.”

ती परत शेंगांपाशी बसली. सूप पुढं ओढलं.

“मंग आठ हजार आठशे एकच झाले की,” ती म्हणाली.

हा निबंध मी नंतर एका स्पर्धेला धाडला, शब्द मोजून, समास सोडून, एका बाजूला लिहून. काही आलं नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. या वेळेला झेरॉक्स मात्र मी घरी ठेवली आहे.